टेप लावण्याआधी: ऑनलाइन विक्रेत्यांसाठी पार्सल पाठवण्याचं सविस्तर मार्गदर्शन

चार छोट्या मगांचा एक संच विकला गेला. ग्राहक खूश, पैसेही जमा. महिनाअखेरीस कुरिअरचं बिल आलं तेव्हा कळलं, की त्या व्यवहारात मी पदरचे पैसे घातले होते. घरच्या काट्यावर पार्सल 1.6 किलो भरलं होतं आणि बिलात चक्क 5 किलो. तावातावाने फोन लावला, तर पलीकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "खोक्याचं माप काय होतं?" मला सांगता येईना. मी मोजलंच नव्हतं.

त्यानंतर बरीच पार्सलं पाठवली, काही फुटली, काही फिरून परत आली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. दर किती लागणार, वस्तू शाबूत पोचणार का, उशीर होणार का, झगडा झाला तर भरपाई मिळणार का, यातलं बरंचसं खोक्याला टेप लावण्याआधी आपल्याच टेबलावर ठरतं. पिकअपवाल्याच्या हातात पार्सल गेलं की पुढे आपण फक्त बघे. म्हणून खालचा क्रम टेबलावरच्या कामाचाच आहे.

आधी टेप-माप, मग काटा

कुरिअर कंपन्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं खरं वजन आणि दुसरं आकारमानावरून काढलेलं, ज्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. दोन्हींतलं जे जास्त, त्यावर पैसे लागतात. हिशेब सोपा आहे: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि 5000 ने भागा. उत्तर किलोत येतं. काही सेवा 6000 ने भागतात, काही 4000 ने. हा भाजक तुमच्या करारात कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेला असतो, तो शोधून भिंतीवर चिकटवा.

माझा तो खोका 40 × 30 × 20 सेंटिमीटरचा होता. गुणाकार 24,000, भागिले 5000 म्हणजे 4.8, आणि अर्ध्या किलोच्या टप्प्याच्या नियमाने वर नेऊन 5 किलो. तेच मग आता 30 × 26 × 18 च्या खोक्यात जातात. 14,040 भागिले 5000 म्हणजे 2.8, बिल 3 किलोचं. मधले दोन किलो म्हणजे निव्वळ हवा होती, आणि तिचं भाडं मी भरत होते.

हा प्रकार लुबाडणुकीचा वाटतो, पण त्यामागचं कारण खरं आहे. 5000 चा भाजक म्हणजे एका घनमीटरला 200 किलो धरणं. कापूस, उशा, खेळणी असला माल भरला तर गाडी वजनाची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी जागेने भरते. जागा तुम्ही अडवली, तर पैसे जागेचे. माझे मग छोट्या खोक्यातही 1.6 ऐवजी 3 किलोंच्या दराने जातात, ते टळत नाही. पण वस्तूची किंमत ठरवताना ते 3 किलो हिशेबात धरले, की निदान आश्चर्याचा धक्का बसत नाही.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. माप खोक्याच्या बाहेरून घ्यायचं, आतून नाही. आणि फुगलेली जागा मोजायची. कोंबून भरलेल्या खोक्याचं पोट पुढे येतं, आणि मोठ्या केंद्रांवर माप माणूस घेत नाही, यंत्र घेतं. ते सगळ्यात बाहेर आलेला भाग धरतं. माझ्या अनुभवात बिलात नंतर होणाऱ्या दुरुस्त्यांचं मोठं कारण हे पोट आहे. भरलेल्या, टेप लावलेल्या खोक्याचा काट्यावर ठेवून आणि माप लावून एकेक फोटो काढून ठेवा. वाद घालायची वेळ आली की तेवढाच पुरावा आपल्याकडे असतो.

दरपत्रकातल्या फटी शोधण्याचा उद्योग जुना आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने 1 जानेवारी 1913 रोजी पार्सल सेवा सुरू केली. 1916 मध्ये युटा राज्यातल्या व्हर्नल गावात बँकेची इमारत बांधायची होती. रेल्वे आणि गाडीने विटा आणण्यापेक्षा पार्सलचा दर स्वस्त पडत होता, म्हणून 50 पौंडांच्या मर्यादेत बसतील अशा गठ्ठ्यांनी हजारो विटा टपालाने मागवल्या गेल्या! मग खात्याने नियम बदलला आणि एकाने दिवसाला किती पौंड पाठवायचे यावर बंधन घातलं. दरपत्रकातले विचित्र नियम वाचताना मला नेहमी वाटतं, याच्या मागे कुणीतरी विटा पाठवल्या असणार.

खोका आणि भरण

नालीदार पुठ्ठ्याचा खोका घ्या. तीन पदरी म्हणजे दोन सपाट कागद आणि मधे एक नागमोडी. पाच पदरीत नागमोडी थर दोन. कपडे, पुस्तकं, हलका माल यांना तीन पदरी पुरतो. काच, चिनी माती, धातू, किंवा भरल्यावर दहा किलोंच्या वर जाणारं काहीही असेल तर पाच पदरी. खोका घेताना नागमोडी नळ्या उभ्या आहेत ना, बघा. रचलेल्या ढिगात वरच्या पार्सलांचा भार या उभ्या नळ्या आणि खोक्याचे चार कोपरे पेलतात. कोपरा चेपलेला असेल तर खोका दिसायला कितीही नवा असो, बाजूला ठेवा.

जुना खोका पुन्हा वापरायला माझी हरकत नाही, मीही वापरते. पण दमट हवेत राहिलेल्या पुठ्ठ्याची ताकद फार उतरते, आणि एकदा वळलेली घडी पहिल्यासारखी ताठ राहत नाही. फुटणारी वस्तू जुन्या खोक्यात नको. आणि जुनी लेबलं? ती पूर्ण काढा किंवा जाड मार्करने बारकोड खोडा. वर्गवारी केंद्रातल्या सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या खोक्यांचे बारकोड वाचणारे कॅमेरे एकापेक्षा जास्त बाजूंना असतात. यंत्राला जुना बारकोड आधी सापडला तर पार्सल जुन्या पत्त्याच्या वाटेला लागतं.

माझे मग मी असे भरते. प्रत्येक मगाच्या पोटात चुरगळलेला कागद घट्ट भरायचा, म्हणजे कड आतून दबत नाही. हँडलच्या कानात कागदाची गुंडाळी. मग बबल रॅपचे दोन वेढे, फुगे आतल्या बाजूला. चार मग एकमेकांना टेकू नयेत म्हणून मधे पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या फुलीसारख्या अडकवायच्या. खोक्याच्या तळाशी पाच सेंटिमीटर भरण, चारही बाजूंना तेवढंच, वरही तेवढंच. मग उताणे किंवा आडवे ठेवत नाही, उभेच ठेवते, कारण उभ्या मगाची भिंत भार जास्त सहन करते.

बंद करण्याआधी झाकण दाबून हलवून बघायचं. आत काही सरकल्याचा आवाज आला तर भरण कमी आहे. पोट पुढे आलं तर जास्त आहे. भरण नेमकं असलं, की झाकण जरासा जोर लावून बसतं.

टेप कागदी किंवा प्लॅस्टिकची, साधारण 48 मिलिमीटर रुंद. मधल्या फटीवर एक पट्टी आणि दोन्ही टोकांच्या फटींवर एकेक, म्हणजे वरून आडव्या पडलेल्या एच अक्षरासारखा आकार दिसतो. तळालाही तसंच. सुतळी बांधू नका, ती पट्ट्याच्या रोलरमध्ये अडकते.

नवी वस्तू विकायला काढलीत तर एक चाचणी घरी करून बघा. पॅकेजिंग तपासणाऱ्या आयएसटीए या संस्थेची एक प्राथमिक पद्धत अशी: साडेनऊ किलोंच्या आतलं पार्सल साधारण 76 सेंटिमीटरवरून, म्हणजे टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा पाडायचं. एकदा एका कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. स्वतःच्या हाताने बनवलेला मग स्वतःच पाडताना जीव वरखाली होतो, पण माझा हँडल तुटण्याचा प्रश्न तिसऱ्या कडेवर सापडला, आणि तो ग्राहकाच्या घरी सापडण्यापेक्षा बरा.

लेबल

इथे घाई करणारे फार. लेबल खोक्याच्या सगळ्यात मोठ्या सपाट बाजूवर, पूर्णपणे एकाच बाजूवर बसलं पाहिजे. कडेवरून वळलेला बारकोड यंत्राला वाचता येत नाही. फटीवर किंवा टेपच्या सुरकुतीवर लेबल नको.

लेबलं बहुधा 10 × 15 सेंटिमीटरची असतात. छापताना प्रिंटरच्या खिडकीत "फिट टू पेज" निवडलेलं असतं, ते काढून "ॲक्च्युअल साइज" करा. एकदा माझी अकरा पार्सलं एकदम गेली, सगळ्यांची लेबलं या एका खुणेमुळे आकसून छापलेली. बारकोडच्या रेघा इतक्या चिकटल्या की यंत्राने सगळी बाजूला काढली, माणसांनी हाताने नंबर टाकले आणि सगळी दोन दिवस उशिरा पोचली. कुणालाही दोष देता येईना, कारण खूण माझीच होती.

थर्मल प्रिंटरच्या लेबलला शाई लागत नाही, पण ते उन्हात आणि उष्णतेत पुसट होतं किंवा काळवंडतं, म्हणून गाडीच्या काचेशी ठेवू नका. शाईच्या प्रिंटरवर छापलं असेल तर पाण्याने पसरतं. पारदर्शक पाकिटात घाला. चकचकीत टेप बारकोडवरून ओढू नका, फक्त कडांना लावा. आणि पत्त्याची एक प्रत खोक्याच्या आत टाका. बाहेरचं लेबल फाटून गेलं तर पार्सल उघडणाऱ्याला तोच एक धागा मिळतो.

पत्त्याबद्दल एवढंच: यंत्र आधी पोस्टल कोड बघतं, गावाचं नाव नंतर. दोन्ही जुळत नसतील तर ग्राहकाला विचारा, स्वतःच्या मनाने दुरुस्त करू नका. फोन नंबर हवाच.

कोणती सेवा, आणि पैसे कुणाकडून

टपाल, खासगी कुरिअर, किंवा अनेक कंपन्यांचे दर एकत्र दाखवणारे मध्यस्थ, असे तीन रस्ते. हलक्या आणि छोट्या वस्तूंना बहुतेकदा टपाल परवडतं. जड किंवा महाग मालाला खासगी सेवा. दर बघताना मूळ दरावर थांबू नका. इंधन अधिभार, दुर्गम भागाचा अधिभार, घरपोच पोचवण्याचा वेगळा आकार, पत्ता दुरुस्तीचा दंड, हे सगळं खाली बसलेलं असतं. आपल्या मागच्या तीस पार्सलांची मापं आणि पोस्टल कोड एका तक्त्यात घ्या आणि प्रत्येक सेवेला तेच तीस कोड देऊन एकूण किती होतात ते बघा. जाहिरातीतला "पासून सुरू" दर तुमच्या एकाही पार्सलला लागू नसेल, असंही होतं.

ग्राहकाला शिपिंगचे पैसे कसे लावायचे, यावर दुकानदार रात्रभर बोलू शकतात. ॲमेझॉनने 2005 मध्ये अमेरिकेत वर्षाची वर्गणी घेऊन दोन दिवसांत पोचवणारी प्राइम योजना आणली. आज लोक पोचवणावळ पाहिली की नाक मुरडतात, त्यात असल्या योजनांचा वाटा मोठा आहे. पण फुकट पोचवणावळ असं काही नसतं, ती किमतीत मिसळलेली असते. माझं मत असं, की आकार लहान-मोठे नसतील तर एकच ठरावीक रक्कम ठेवा आणि ती वस्तूच्या पानावरच दाखवा. पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर अचानक उगवणारी रक्कम ग्राहकाला फसवल्यासारखी वाटते, मग ती कितीही छोटी असो. ठरावीक खरेदीवर मोफत ठेवायचं असेल तर ती मर्यादा तुमच्या सरासरी ऑर्डरच्या थोडी वर ठेवा, म्हणजे दोन वस्तू एका खोक्यात जातात. एका खोक्याचा खर्च दोन खोक्यांपेक्षा नेहमीच कमी.

सुपूर्द केल्यावर

"लेबल तयार" आणि "पार्सल स्वीकारलं" या दोन वेगळ्या नोंदी आहेत. पहिली तुम्ही बटण दाबल्यावर होते, दुसरी कंपनीने पहिला स्कॅन केल्यावर. मधल्या काळात पार्सल हरवलं तर ते त्यांच्याकडे होतं हेच सिद्ध करता येत नाही. पिकअपवाला दहा खोके उचलून "आत गेल्यावर स्कॅन करतो" म्हणाला, तर निदान यादीवर सही घ्या.

मग ग्राहकाचे फोन सुरू होतात. सगळ्यात नेहमीचा प्रश्न: "माझं पार्सल उलट्या दिशेला का चाललंय?" कारण बऱ्याच कंपन्यांचं जाळं चाकासारखं असतं. मधे एक मोठं केंद्र आणि त्यातून निघालेले आरे. फेडेक्सने 17 एप्रिल 1973 च्या रात्री कामाला सुरुवात केली तेव्हा 14 विमानांनी 25 शहरांसाठीची 186 पार्सलं मेम्फिस शहरातल्या केंद्रात गोळा केली आणि तिथून वाटली. शेजारच्या दोन शहरांमधलं पार्सलही आधी केंद्रात जातं, तिथे वर्गवारी होते आणि मग माघारी येतं. वेड्यासारखं दिसतं, पण प्रत्येक शहरातून प्रत्येक शहराला गाडी सोडण्यापेक्षा स्वस्त आणि वेगवान पडतं. हे ग्राहकाला एका वाक्यात सांगितलं की तो शांत होतो.

दुसरी तक्रार, "ट्रॅकिंग नंबर चालत नाही." आंतरराष्ट्रीय टपालाचा नंबर 13 खुणांचा असतो: सेवेची दोन अक्षरं, आठ आकडे, एक पडताळणीचा आकडा आणि पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. तो पडताळणीचा आकडा घरी काढता येतो. समजा आठ आकडे 12345678 आहेत. त्यांना क्रमाने 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणा आणि बेरीज करा: 204. 11 ने भागल्यावर बाकी 6. ती 11 मधून वजा केली की 5. म्हणजे नववा आकडा 5 हवा. (वजाबाकी 10 आली तर 0 आणि 11 आली तर 5 घ्यायचा.) जुळला नाही तर कुणीतरी आकडा चुकीचा टाइप केला आहे, पार्सल हरवलेलं नाही.

फुटलं किंवा हरवलं तर

ग्राहकाला लगेच तीन फोटो मागा: बाहेरच्या खोक्याच्या सगळ्या बाजू, आतलं भरण आणि वस्तू. खोका टाकू नका असं आधीच कळवून ठेवा, कारण कंपनी तो बघायला मागते. दावा करायची मुदत थोडी असते.

भरपाईची मर्यादा ठाऊक असलेली बरी. देशांमधल्या हवाई मालवाहतुकीला मॉन्ट्रियल करार लागू होतो. त्यात नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत करावी लागते, आणि जास्तीची किंमत आधी जाहीर केली नसेल तर जबाबदारी किलोमागे ठरते. 28 डिसेंबर 2024 पासून ती किलोला 26 एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. म्हणजे शंभर ग्रॅमचा दागिना हरवला तर मिळणारी रक्कम हास्यास्पद असते. टपालाला हा करार लागू नाही, तिथे देशोदेशींच्या टपाल खात्यांच्या संघाचे स्वतःचे नियम. देशांतर्गत कुरिअरच्या अटीतही अशीच एक कमाल रक्कम असते. हलकी आणि महाग वस्तू असेल तर किंमत जाहीर करून जादा संरक्षण घ्या. स्वस्त वस्तूंना ते घेण्यापेक्षा वर्षाला दोन-चार फुटणार हे धरून चाला.

सीमेपलीकडे

सीमाशुल्काच्या कागदावर वस्तूचं नाव मोघम लिहू नका. "भेट" किंवा "सामान" लिहिलेलं पार्सल अडवलं जाण्याची शक्यता जास्त. "चिनी मातीचे मग, 4 नग" लिहा. सोबत एचएस कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक. त्याचे पहिले सहा आकडे जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीचे, जवळपास सगळ्या देशांत सारखे. टपालाने पाठवताना 300 एसडीआर किमतीपर्यंतच्या लहान पाकिटाला सीएन 22 हा सीमाशुल्काचा अर्ज, त्याहून जास्त किमतीला सीएन 23. किंमत खरी लिहा. कमी लिहून शुल्क वाचवायला सांगणारे ग्राहक भेटतात, पण पार्सल हरवल्यावर भरपाई त्याच खोट्या रकमेची मिळते.

शुल्क कोण भरणार हे विकतानाच सांगा. डीडीपी म्हणजे पाठवणारा भरतो, डीएपी म्हणजे घेणारा. छोट्या पार्सलांच्या सवलती झपाट्याने आटत आहेत. युरोपीय संघाने 22 युरोंपर्यंतची व्हॅटमाफी 1 जुलै 2021 ला बंद केली, अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतची शुल्कमाफी 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्या देशांसाठी थांबवली. मागच्या वर्षीच्या आठवणीवर दर सांगू नका.

आणि बॅटरी. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला 1 एप्रिल 2016 पासून बंदी आहे. मालवाहू विमानातही चार्ज 30 टक्क्यांच्या वर नको. उपकरणात बसवलेल्या बॅटरीचे नियम वेगळे आणि थोडे सैल. अत्तर, स्प्रे, नेलपॉलिश हेही धोकादायक मालात मोडतात. न सांगता पाठवलं तर क्ष-किरण यंत्रात दिसतंच.

परत आलेलं पार्सल

परतीचे नियम विक्रीआधी लिहून ठेवा: किती दिवस, भाडं कुणाचं, वस्तू कोणत्या अवस्थेत. कपडे विकत असाल तर परतीचं लेबल खोक्यात आधीच टाकणं सोयीचं. फुटणाऱ्या वस्तूंना मी ते देत नाही, कारण ग्राहक माझ्यासारखं भरण करत नाही आणि वाटेत फुटलं की दोष कुणाचा यावर पुन्हा झगडा.

परत आलेला खोका उघडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढा, उघडताना व्हिडिओ घ्या, आणि त्याच दिवशी साठ्यात नोंद करा. फुटलेली वस्तू आली की मी आधी खोक्याचा कोणता कोपरा बसलाय ते बघते, मग आतलं भरण त्या बाजूला किती उरलंय ते. एका वहीत तारीख, सेवा आणि चेपलेली बाजू लिहिते. गेल्या वेळी पाचपैकी चार नोंदींत तळाचाच कोपरा होता, म्हणून आता तळाला पाचऐवजी सात सेंटिमीटर कागद जातो, आणि खोका 20 उंचीचा घ्यावा लागतो. 30 × 26 × 20 म्हणजे 15,600 भागिले 5000, म्हणजे 3.12. अर्ध्या किलोच्या टप्प्याने बिल साडेतीनचं. सध्या रुंदीतून एक सेंटिमीटर कमी करता येतो का ते बघतेय, कारण 25 झाली की उत्तर बरोबर 3 येतं.